उलाढालीची उतरंड

मार्चअखेरचे ताळेबंद जाहीर झाले की अर्थविषयक दैनिकांतून आणि संगणक व्यवसायाच्या मासिकांतून याद्यांचा हंगाम सुरू होतो. पहिल्या पाच, पहिल्या वीस, पहिल्या पाचशे. क्रम बहुधा उलाढालीवर लावतात. तो आकडा प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला जाहीर करावाच लागतो, आणि त्यावरून कोण वर कोण खाली हे एका नजरेत ठरतं. टीसीएस सगळ्यांत वर, मग इन्फोसिस, एचसीएल, विप्रो, टेक महिंद्र. क्वचित एखादी जागा बदलली की त्याची बातमी होते.

रायगडातल्या पालीत असली मासिकं घेणारे फारसे नाहीत, पण यादी इथवर पोहोचतेच. सुधागड तालुक्यात स्थळ पाहताना मुलाच्या कंपनीचं नाव विचारतात. टीसीएस म्हटलं की पुढची चौकशी जरा सैल पडते. मुलगा बाणेरच्या एखाद्या तीस माणसांच्या कंपनीत स्वतः रचलेलं सॉफ्टवेअर विकत असेल, तर मात्र 'नाव कधी ऐकलं नाही हो' असं म्हणत चहाचा कप खाली ठेवला जातो, मग पगार सारखा का असेना. यादी कुणीच वाचलेली नसते. मोठी कंपनी म्हणजे मोठ्या उलाढालीची कंपनी, आणि मोठी तीच यशस्वी, हे मात्र सगळे धरून चालतात. हे गृहीतक कुठून आलं, केव्हापर्यंत ते खरं होतं आणि कुठे त्याने दगा दिला, हे पाहायचं तर सत्तरच्या दशकात जावं लागतं.

तेव्हा ते अगदी रास्त होतं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि टाटा इलेक्ट्रिकमधून आलेले फकीरचंद कोहली तिचे कर्तेधर्ते झाले. त्या काळी परदेशातून संगणक आणायचा तर परवाना लागे, जकात जबर असे, आणि वर यंत्राच्या किमतीच्या दुप्पट परकीय चलन मिळवून देण्याची हमी सरकारला द्यावी लागे. टीसीएसने १९७४ मध्ये बरोज कंपनीचं यंत्र आणलं ते या अटीवर. हमी पुरी करायला विकण्यासारखं काय होतं? माणसांची बुद्धी आणि त्यांचे तास. परदेशी गिऱ्हाइकाने बिल चुकतं केलं की काम पटलं असा अर्थ होई, देशाला डॉलर मिळत आणि पुढच्या यंत्राचा रस्ता मोकळा होई. यश मोजायला त्या दिवसांत उलाढालीइतका प्रामाणिक दुसरा आकडा नव्हता.

त्याच काळात मुंबईत नरेंद्र पटणी आणि त्यांच्या भावांनी पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी केली. तिथल्या नोकरीतून बाहेर पडून नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी जुलै १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. भांडवल दहा हजार रुपये, तेही सुधा मूर्तींनी साठवलेले. दोन वर्षांत कंपनी बंगळुरूला गेली, याची हळहळ पुणेकर अजून अधूनमधून व्यक्त करतात. पुढे पटणी बरीच वर्षं देशातल्या पहिल्या दहा सॉफ्टवेअर कंपन्यांत होती. २०११ मध्ये आयगेटने ती विकत घेतली, २०१५ मध्ये खुद्द आयगेट कॅपजेमिनीत गेली, आणि पटणी हे नाव पाटीवरून पुसलं गेलं. तिच्या कोणत्याही वर्षाच्या ताळेबंदात 'इथून सात माणसं बाहेर पडली' अशी नोंद नाही. माझ्या मते पटणीच्या हातून झालेलं सगळ्यांत टिकाऊ काम मात्र तेच.

नव्वदच्या दशकात दारं उघडली, परवाने गेले, उपग्रहावरून तारा जुळल्या, आणि सहस्रक बदलताना संगणकातल्या तारखा दुरुस्त करण्याचं प्रचंड काम अमेरिकेतून इकडे आलं. आपल्याकडची सुशिक्षित मुलं या लाटेवर तरली. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून किंवा पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेली रायगडातली पोरं बघता बघता न्यू जर्सीतून फोन करू लागली. टीसीएसने २००२-०३ मध्ये शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, इन्फोसिस आणि विप्रोने त्याच्या पुढच्या वर्षी. पस्तीस वर्षांच्या मेहनतीचं ते फळ होतं आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं होतं.

फक्त एक गोष्ट या कौतुकात झाकली गेली. या उलाढालीचं गणित सरळ गुणाकाराचं होतं : किती माणसं, किती तास, ताशी दर किती. उलाढाल दुप्पट करायची तर जवळपास दुप्पट माणसं भरायची. यादीतला क्रम तंत्रज्ञानाचा क्रम म्हणून वाचला जात होता, पण बऱ्याच अंशी तो मनुष्यबळाच्या गणनेचा क्रम होता. आजही टीसीएसची वार्षिक उलाढाल तीस अब्ज डॉलर आणि कर्मचारी सहा लाखांच्या घरात. भागाकार केला तर माणशी पन्नास हजार डॉलरच्या आसपास येतात. हा भागाकार यादीत नसतो.

जे यादीत नसतं त्यातलं एक उदाहरण आपल्या भाताच्या मुलखाजवळचं आहे. टीसीएसने १९८१ साली पुण्यात संशोधन केंद्र काढलं. तिथल्या संशोधकांनी भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची स्वस्त युक्ती काढली. तूस म्हणजे आपल्याकडे भातगिरणीच्या मागे ढिगाने पडून असणारी वस्तू. या प्रयोगाचं आधीचं रूप 'सुजल', आणि डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आलेलं 'टाटा स्वच्छ' हे त्याचं पुढचं. कोहलींनी निवृत्तीनंतर प्रौढांना संगणकाच्या मदतीने काही आठवड्यांत वाचायला शिकवण्याच्या उपक्रमात जीव ओतला. सॉफ्टवेअर कंपनीच्या उलाढालीत या दोन्ही गोष्टी जवळपास शून्य. कोहली २०२० साली गेले तेव्हा मृत्युलेखांत मात्र साक्षरतेच्या या कामाचीही आठवण निघाली.

उलाढालीचा क्रम डोक्यात किती भिनला होता हे २०१२ च्या उन्हाळ्यात दिसलं. त्या वर्षीच्या जूनअखेरच्या तिमाहीत कॉग्निझंटची उलाढाल इन्फोसिसच्या थोडी पुढे गेली आणि 'इन्फोसिसचं स्थान गेलं' म्हणून मथळे झळकले. निव्वळ नफ्यात इन्फोसिस त्या तिमाहीतही बरीच पुढे होती. शिवाय कॉग्निझंटचं मुख्यालय अमेरिकेत. मग तिला भारतीय यादीत धरायचं की नाही यावर वेगळाच वाद. ठेच मात्र खोल लागली. २०१५ मध्ये इन्फोसिसचे तेव्हाचे मुख्याधिकारी विशाल सिक्का यांनी २०२० पर्यंत वीस अब्ज डॉलरचं लक्ष्य जाहीर केलं. सोबत माणशी ऐंशी हजार डॉलर हेही लक्ष्य होतं, आणि खरं अवघड आणि खरं मोलाचं तेच होतं. चर्चा मात्र वीस अब्जांचीच झाली. सिक्का २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेले. २०२० च्या मार्चला इन्फोसिसची उलाढाल पावणेतेरा अब्जांच्या आसपास होती. लक्ष्य हुकलं म्हणून कंपनी बुडाली नाही, उलट बऱ्यापैकी चालली. मग त्या वीस अब्जांची गरज नक्की कुणाला होती?

यादी चाळताना आणखी एक फट दिसते. संगणक व्यवसायाच्या जुन्या याद्यांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्यांच्या शेजारी खोकी विकणाऱ्या वितरक कंपन्या बसत, आणि त्यांची उलाढाल डोळे दिपवणारी असे. एचसीएल इन्फोसिस्टिम्सची उलाढाल एके काळी दहा हजार कोटींच्या पार होती, पण तिचा मोठा वाटा नोकियाचे फोन दुकानादुकानांत पोहोचवण्याचा होता. नोकियाने वाट बदलली आणि पुढे खुद्द नोकियाच घसरली, तशी ही उलाढालही ओसरली. बल्लाळेश्वराच्या माघी उत्सवात देवळाबाहेर पोह्याच्या पापडांचा सगळ्यांत मोठा गल्ला ज्याचा, त्याच्याकडचे पापड लाटलेले असतात वेगळ्याच घरातल्या बायकांनी. पण गल्ल्यावर क्रम लावला तर पहिला नंबर त्या दुकानदाराचाच येणार. वितरकांचं तसंच. धंदा खोटा नव्हता, पण तंत्रज्ञानातलं यश म्हणून तो मोजणं खोटं होतं.

आणि मग सत्यम.

इथे जरा थांबायला हवं. उलाढाल अपुरी असते, एकांगी असते असं आपण सहज बोलतो. ती चक्क रचलेली असू शकते, हे या एका प्रकरणाने शिकवलं. हैदराबादची सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही उलाढालीत देशातली चौथी कंपनी. २००७-०८ मध्ये तिने आठ हजार कोटींहून अधिक उलाढाल दाखवली होती. २००८ च्या सप्टेंबरात तिला उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. डिसेंबरात संस्थापक रामलिंग राजूंनी आपल्याच घरच्या बांधकाम कंपन्या सत्यमच्या पैशाने घ्यायचा घाट घातला, भागधारक खवळले, बेत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला राजूंचं पत्र संचालक मंडळाकडे आणि शेअर बाजारांकडे गेलं.

त्या पत्रातले आकडे अजूनही नीट वाचण्यासारखे आहेत. ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर तिमाहीची उलाढाल २,७०० कोटी दाखवली होती, खरी २,११२ कोटी. कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, म्हणजे उलाढालीच्या २४ टक्के. खरा ६१ कोटी, म्हणजे ३ टक्के. बहुतेकांचं लक्ष नाहीशा झालेल्या पाच हजार कोटींकडे गेलं, ते साहजिकच होतं. माझं लक्ष मात्र दुसऱ्या आकड्यावर अडकतं. उलाढालीत फुगवटा होता सुमारे पंचवीस-अठ्ठावीस टक्क्यांचा. नफ्यात तो दहा पटींहून जास्त. उलाढाल थोडीशीच फुगवली होती, आणि तेवढ्यावर क्रम शाबूत राहिला, पुरस्कार आला, शेअर चढा राहिला. पुढे तपासात हजारो बनावट बिलं सापडली. न केलेल्या कामाची, न पाठवलेली, पण वहीत नीट नोंदवलेली. २०१५ च्या एप्रिलमध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली.

या गोष्टीचा दुसरा भाग महाराष्ट्रात घडला, आणि तो कमी सांगितला जातो. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने शेअरमागे ५८ रुपये बोली लावून सत्यम घेतली. उलाढालीने टेक महिंद्र सत्यमच्या निम्म्यावर. पुण्याची लहान कंपनी हैदराबादची मोठी कंपनी गिळते आहे, पचेल का, अशी शंका तेव्हा मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर उघड बोलली जात होती. पचली. दोन्ही कंपन्या २०१३ मध्ये कायदेशीर एक झाल्या आणि यादीत टेक महिंद्र पाचव्या जागी आली. का पचली? वहीतली उलाढाल खोटी होती, पण हजारो माणसं खरी होती. जगभरच्या कारखान्यांत आणि बँकांत ती रोज चालवत होती ती कामं खरी होती. ती कामं सोडून सगळी गिऱ्हाइकं पळाली नाहीत, कारण रातोरात दुसरं कुणी ती उचलू शकत नव्हतं. सत्यमचं यश, जे काही होतं ते, या चिवटपणात होतं. ते यादीत कधी दिसलं नाही, आणि यादीत दिसलं ते खरं नव्हतं.

यानंतर पुण्याच्या काही कंपन्यांकडे पाहिलं की वेगळंच चित्र मनात येतं. केपीआयटी १९९० साली रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी सुरू केली. दोघेही सनदी लेखापाल, म्हणजे उलाढाल म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. २००२ मध्ये कमिन्सची माहिती-तंत्रज्ञान शाखा तिच्यात आली, कंपनी वाढत गेली, उलाढाल साडेतीन हजार कोटींच्या पुढे गेली. मग जानेवारी २०१८ मध्ये तिने एक उलटी गोष्ट जाहीर केली : कंपन्यांच्या हिशेबाचं, साठवणुकीचं सॉफ्टवेअर बसवण्याचा मोठा धंदा बिर्लासॉफ्टला जोडून वेगळा काढायचा, आणि आपल्याकडे ठेवायचं फक्त मोटारींच्या आतलं सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये ही वाटणी पुरी झाली. नव्या केपीआयटीची पहिल्या वर्षाची उलाढाल सुमारे एकवीसशे कोटी. उतरंडीत ती कितीतरी पायऱ्या खाली आली, आणि तेही स्वतःच्या हाताने.

याद्यांच्या नजरेने हा पराभव होता. पण विजेवरच्या मोटारींचं, चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणांचं, गाडीच्या मेंदूचं काम जगात ज्या थोड्यांना नीट जमतं त्यांत आज केपीआयटीचं नाव घेतात, आणि २०२४-२५ मध्ये तिची उलाढाल साडेपाच हजार कोटींच्या पुढे गेली आहे. आधी काय करायचं ते ठरलं, उलाढाल मागून आली. मराठी उद्योजकांवर 'धंद्यात हिंमत नाही' असा आरोप फार जुना आहे. आपला निम्मा-अधिक धंदा भर बाजारात उतरवून ठेवायला वेगळ्या जातीची हिंमत लागते.

आनंद देशपांडे यांची पर्सिस्टंट हीही १९९० ची आणि पुण्याचीच. तिने शंभर कोटी डॉलरचा टप्पा २०२२-२३ मध्ये ओलांडला, म्हणजे तेहेतीस वर्षांनी. टीसीएसला तोच टप्पा गाठायला पस्तीस वर्षं लागली होती. यातून काही मोठा सिद्धांत निघत नाही, पण पर्सिस्टंटला कित्येक वर्षं 'हुशार पण लहान' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

आणि क्विक हील. मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, मग संगणक दुरुस्त करू लागले. संगणकांत विषाणू शिरतात हे दिसल्यावर धाकटे भाऊ संजय यांनी त्यावरचं औषध लिहिलं. आधी दुरुस्तीबरोबर दिलेलं, मग डब्यात घालून विकलेलं. २०१६ च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात आली. २०२३-२४ मध्ये क्विक हीलची वर्षभराची उलाढाल सुमारे २९२ कोटी रुपये. त्याच वर्षी टीसीएसची २,४०,८९३ कोटी, म्हणजे दिवसाला साडेसहाशे कोटींहून जास्त. क्विक हीलचं अख्खं वर्ष टीसीएसच्या अर्ध्या दिवसात मावतं. पण ज्याला दुकानात जाऊन 'हे द्या' म्हणून मागता येतं, ज्याचं नाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, असं भारतीय सॉफ्टवेअर सांगा म्हटलं तर पालीतल्या संगणकवाल्याला आधी कोणतं आठवेल? अर्ध्या दिवसवालं.

पालीच्या बाजारपेठेतून पाहिलं तर यादी आणखीच डळमळते. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांत संगणक आला तो मुख्यतः डीटीपीच्या टेबलावर. लग्नपत्रिका, पतपेढीचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रकं, शाळेची निकालपत्रकं, उत्सवाच्या पावत्या, सगळं मराठीत, आणि बहुतेक ठिकाणी त्याखाली चालायची ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी'. संगणकाच्या मागच्या बाजूला लावायचा तिचा लॉक हरवला की दुकान बंद. सरकारी कचेऱ्यांत सी-डॅकचे फॉन्ट : सुरेख, योगेश. कचेरीत केलेली फाइल दुकानात उघडली की पडद्यावर खिळ्यांचा ढीग सांडल्यासारखी अक्षरं दिसायची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून टंकन. कटकट भरपूर होती. पण एका पिढीचा छापील मराठी मजकूर या दोघांच्या अंगावरून गेला. परदेशी कंपन्यांना देवनागरीत रस नव्हता तेव्हाची ही गोष्ट. देशातल्या पहिल्या वीस कंपन्यांच्या कुठल्या यादीत मॉड्युलर इन्फोटेकचं नाव शोधायला जाऊ नये. सी-डॅक तर सरकारी संस्था, 'परम' महासंगणक करणारी, तिचा यादीशी संबंधच नाही.

मग २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, पुण्यात स्थापन झालं. राज्य शासन आणि विद्यापीठं भागधारक, आणि पुढाकार विवेक सावंत यांचा. त्यांचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव गेला. ग्रामसेवक, शिक्षक, तलाठी, अंगणवाडीताई, दहावीनंतर सुट्टीत काय करू विचारणारी मुलं, सगळी त्या केंद्रांत माउस धरायला शिकली. शासकीय नोकरांची वेतनवाढ त्याला जोडल्यामुळे पन्नाशीतले कारकूनही नातवाच्या वयाच्या मुलीसमोर विद्यार्थी म्हणून बसले. या अभ्यासक्रमावर टीका झाली, थोडी रास्तही होती : प्रमाणपत्रासाठी घोकंपट्टी, सरावाला अपुरे संगणक. तरी 'मला संगणक येत नाही' हे वाक्य पालीत लाजत म्हणण्याची वेळ ज्याने आणली, ते कोण? सहा लाख कर्मचाऱ्यांची कंपनी नव्हे.

हे लिहिताना एक धोका दिसतो आणि तो टाळायला हवा. लहान ते सोज्वळ, मोठं ते पोकळ, असा हिशेब करणं म्हणजे तीच यादी उलटी टांगणं. मोठ्या उलाढालीतूनच पगार झाले. त्या पगारांतून इकडे पालीत, परळीत, जांभूळपाड्यात कौलं उतरून स्लॅब पडले, धाकट्या बहिणींची शिक्षणं झाली, आईवडिलांचे गुडघे बदलले. हा पैसा परदेशी गिऱ्हाइकांच्या बिलांतून आला, कुणाच्या अनुदानातून नाही. आणि ज्या लहान कंपन्यांची तारीफ केली त्यांचीही एक दुखरी नस आहे : आपल्याकडे सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा उतरवून घेण्याची सवय. वापर सगळ्यांचा आणि पैसे मोजक्यांचे, अशी स्थिती असली की चांगलं उत्पादनही पुढच्या आवृत्तीसाठी पैसा कुठून आणणार? गिऱ्हाईक पैसे मोजतं का, हा प्रश्न क्षुद्र नाही.

फक्त पैसे मोजले म्हणजे कंपनी तगली, असंही नाही. याचा सगळ्यांत कडू पुरावा आपल्या खिशातल्या फोनने दिला. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या तेव्हा ग्राहकसंख्येत आणि उलाढालीच्या वाट्यात ती देशातली पहिल्या क्रमांकाची दूरसंचार कंपनी होती. क्रम पहिला, आणि त्या दिवशी तो खराही होता. दोन वर्षं आधी जिओ आलं होतं, दर कोसळले होते. त्यात २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारला द्यायच्या शुल्कासाठी उलाढालीत व्याज, भाडं, भंगारविक्रीसुद्धा धरायची. उलाढाल म्हणजे काय यावर चौदा-पंधरा वर्षं खटला चालला, आणि तो संपला तेव्हा कंपन्यांच्या डोक्यावर हजारो कोटींचं देणं होतं. २०१९-२० मध्ये व्होडाफोन आयडियाने ७३,८७८ कोटींचा तोटा दाखवला, तोवरचा देशातला विक्रमी. आज तिचा सर्वांत मोठा भागधारक केंद्र सरकार आहे. ज्या आकड्यावर पहिला नंबर मिळाला, त्याच आकड्याच्या व्याख्येने गळा आवळला.

मग क्रम लावायचा कशावर? बाजारमूल्यावर लावणारे आहेत, पण शेअरचा भाव सत्यमचाही चढाच होता. नफ्यावर लावावा तर संशोधनावर खर्च करणारा मागे पडतो. मला विचाराल तर उलाढालीच्या रकान्याशेजारी आणखी एक-दोन रकाने छापायला भाग पाडावं : त्यातला किती पैसा स्वतःच्या मालकीच्या वस्तूतून आला, आणि कंपनी उद्या बंद पडली तर किती लोकांचं काम अडेल. दुसरा आकडा काढणं अवघड आहे, हे मान्य. पण एखाद्या संस्थेबाबत तो डोळ्यांना दिसतो.

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही मुंबईची, रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००८ मध्ये उभी राहिलेली, ना-नफा तत्त्वावरची कंपनी. तिने २०१६ मध्ये यूपीआय आणलं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात त्यावरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. पालीत देवळाच्या वाटेवरच्या हारवाल्या, मिरगुंड आणि कोकम विकणाऱ्या बायका, वडापावची गाडी, एसटी स्टँडजवळचा रसवाला, सगळ्यांकडे तो चौकोनी ठिपक्यांचा कागद आहे, आणि काहींकडे पैसे आले की मराठीत ओरडून सांगणारा डबाही. यातल्या एकीनेही तो व्यवहार कोणती कंपनी चालवते याचा विचार केलेला नाही. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यासाठी शुल्क लागत नाही. म्हणजे लोक जितकं जास्त वापरतात तितकी उलाढाल वाढते, हा साधा नियमच इथे लागू नाही.

बँका आणि पेमेंट कंपन्या अधूनमधून कुरकुरतात की हा कारखाना फुकट चालवायचा तरी किती. खर्च खरा आहे, कुरकुर खोटी नाही. जून २०२५ मध्ये शुल्क येणार अशी आवई उठली आणि अर्थ मंत्रालयाला ती फेटाळावी लागली. उद्या खरंच शंभरामागे काही पैसे लागू झाले, तर यूपीआयवर धंदा करणाऱ्या कंपन्या उलाढालीच्या यादीत भराभर वर चढतील, आणि त्या वर्षीचे मथळे तसे येतीलही. देवळाच्या वाटेवरची मावशी मात्र त्या आठवड्यात ठिपक्यांचा कागद टोपलीखाली सारून विचारेल, सुटे आहेत का.